पाचवी शिष्यवृत्तीचा क्लास: दहा महिन्यांच्या अनुभवावरून

कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी चालणाऱ्या शिष्यवृत्ती मार्गदर्शन वर्गाला माझी मुलगी एप्रिल २०२४ ते फेब्रुवारी २०२५ असे दहा महिने जात होती. परीक्षा झाली, निकाल लागला, ती आता सहावीत आहे, आणि मन निवळल्यानंतरच त्या क्लासविषयी लिहावे असे मी ठरवले होते. क्लासचे नाव देत नाही, कारण त्याच पद्धतीने चालणारे वर्ग आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहेत आणि मला जे सांगायचे आहे ते त्या पद्धतीविषयी आहे. आता लिहिण्याचे कारण असे, की शासनाने ही परीक्षा पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीला घेण्याचे ठरवल्यापासून याच क्लासने तिसरीच्या मुलांची तुकडी सुरू केली आहे आणि शेजारच्या दोघी-तिघी मला विचारून गेल्या, "तुमचा अनुभव कसा? घालू का पोराला?" त्यांना दारात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे होते.

ज्यांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चालत आलेली आहे आणि आज ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आमच्या वेळी ती चौथीला आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवीला आणि आठवीला होऊ लागली. पाचवीच्या परीक्षेत प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर असतात. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, चार पर्याय आणि सगळ्यासाठी ९० मिनिटे. लिहायचे काहीच नसते. योग्य पर्यायाचे वर्तुळ उत्तरपत्रिकेवर पेनाने भरायचे असते. दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी पात्र ठरतो, पण प्रत्यक्ष शिष्यवृत्ती मिळते ती गुणवत्ता यादीत येणाऱ्यांनाच. राज्यात पाचवीला पाच लाखांहून अधिक मुले बसतात, त्यांतली साधारण चौथा हिस्सा मुले पात्र होतात आणि शिष्यवृत्ती सोळा-सतरा हजारांच्या पदरात पडते. हे प्रमाण मला क्लास लावताना माहीत नव्हते, आणि क्लासमध्येही ते कोणी सांगितले नाही.

आमच्या जिल्ह्यात या परीक्षेला मोठा मान आहे. "अमक्याची पोरगी स्कॉलरशिपला लागली" ही बातमी भावकीत पसरायला एक दिवस पुरतो, आणि ज्या गुरुजींच्या वर्गातून चार-पाच मुले यादीत येतात त्यांना गावात पुढे अनेक वर्षे मान मिळतो. तो मान मला आजही योग्य वाटतो. शेतमजुराच्या मुलाला आणि डॉक्टरांच्या मुलीला एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका मिळते, ही गोष्ट लहान नाही. म्हणून मुलीला परीक्षेला बसवल्याचा पश्चात्ताप मला नाही. माझे म्हणणे तयारीच्या पद्धतीविषयी आहे.

क्लासची वर्षाची फी १२,००० रुपये होती आणि सराव प्रश्नपत्रिकांच्या संचांचे १,४०० रुपये वेगळे द्यावे लागले. पाचवीची शिष्यवृत्ती वर्षाला ५,००० रुपये आणि तीन वर्षे असते, म्हणजे ती मिळालीच तरी क्लासचा खर्च वजा जाता हाती फारसे राहत नाही. पैशासाठी हा क्लास लावण्यात अर्थ नाही, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ, त्यानंतर साडेदहाला शाळा, आणि दर रविवारी सकाळी आठ ते साडेअकरा पूर्ण परीक्षा. मुले एकूण १४७, तुकड्या तीन. जागा स्वच्छ, पंखे चालू, प्यायच्या पाण्याची सोय चांगली, आणि सर वेळेच्या बाबतीत इतके काटेकोर, की दहा महिन्यांत एकही तास बुडाला नाही.

आधी जे चांगले होते ते मोकळेपणाने सांगते. बुद्धिमत्ता चाचणी शिकवण्यात या क्लासच्या बाईंचा हात धरणारे कोणी मी तरी पाहिले नाही. आरशातील प्रतिमा शिकवायच्या दिवशी त्यांनी प्रत्येक बाकावर एक छोटा आरसा दिला आणि मुलांना आपापले नाव लिहून त्याच्यासमोर धरायला सांगितले; जलप्रतिबिंबासाठी स्टीलच्या परातीत पाणी घालून तिच्या काठाशी अक्षरांची कार्डे उभी केली. मुलगी घरी आली ती "आई, आरशात डावं-उजवं फिरतं आणि पाण्यात वरचं खाली जातं" असे सांगतच आली, आणि त्या संध्याकाळी आमच्या हौदाच्या पाण्यात तिने पाटी धरून पाहिली. दिशांची उदाहरणे बाईंनी पटांगणात मुलांना प्रत्यक्ष चालवून सोडवून घेतली. सांकेतिक भाषा, समसंबंध, वेगळे पद ओळखणे, आकृत्यांतील त्रिकोण मोजणे हे सगळे ती आवडीने करी, आणि आजही सहावीत कोडे समोर आले की ते अर्धवट सोडत नाही. ही देणगी त्या बाईंची आहे आणि तिचे मोल मी फीमध्ये मोजणार नाही.

गणिताचे मात्र उलटे झाले. दिवाळीनंतरची एक संध्याकाळ मला नीट आठवते. तिच्या संचात एक प्रश्न होता: एका संख्येच्या तिपटीतून १४ वजा केल्यास ४० उरतात, तर ती संख्या कोणती? पर्याय १६, १८, २० आणि २२. तिने क्षणभरात दुसऱ्या पर्यायावर खूण केली. मी विचारले, "कसं काढलंस?" ती म्हणाली, "अठरा त्रिक चोपन्न, चौदा गेले, चाळीस. सर म्हणतात मधल्या पर्यायापासून घालून बघायचं, वेळ वाचतो." उत्तर बरोबर होते आणि रीतही चुकीची म्हणता येणार नाही. म्हणून मी तसेच दुसरे उदाहरण तोंडी घातले: एका संख्येच्या चौपटीत ९ मिळवले तर ६१ होतात. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "पर्याय सांग ना." पर्याय नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, "मग कसं येणार?"

हीच मुलगी चौथीत असताना किराणा दुकानातून परत आली, की उरलेल्या पैशांवरून साखर कितीला पडली याचा हिशेब उलटा फिरवून मला सांगत असे. ६१ मधून ९ काढायचे आणि उरलेल्याचे चार समान भाग करायचे, एवढीच ती रीत, आणि ती तिला पूर्वी येत होती. आमच्या लहानपणी उत्तर घालून पाहण्याला ताळा म्हणत. गणित सोडवून झाले, की ते बरोबर आले का हे पाहण्यासाठी ताळा करायचा. क्लासमध्ये गणित सोडवणेच गळून गेले होते आणि नुसता ताळा उरला होता. नव्वद मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट, असे गणित समोर ठेवले तर सरांचा सल्ला व्यवहारी ठरतो, हे मी मान्य करते. पण दहा वर्षांच्या मुलीला पर्यायांवाचून प्रश्नाला हात घालावासा वाटेनासा होतो, ही त्या सल्ल्याची किंमत मोठी आहे, आणि ती कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. उलट तिचे गुण त्या महिन्यात वाढलेच होते.

मराठीच्या बाबतीत असेच काहीसे घडले. उतारा आधी वाचायचा नाही. प्रश्न वाचायचे, प्रश्नातला मुख्य शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडेल त्या ओळीच्या आसपास उत्तर असते, अशी युक्ती शिकवली होती. एका रविवारच्या पेपरात एका म्हाताऱ्या कुंभाराविषयी उतारा होता, आणि तिन्ही प्रश्न तिचे बरोबर आले होते. मी सहज विचारले, की त्या कुंभाराने शेवटी चाक कोणाला दिले? तिला कुंभार म्हाताराच होता हेही ठाऊक नव्हते. परीक्षेत निबंध नाही, पत्र नाही, गोष्ट पुरी करणे नाही. म्हणून क्लासमध्ये दहा महिन्यांत मराठीचे एक सलग वाक्यही लिहिले गेले नाही. तिच्याकडे एक वही होती, तिच्यात ती अधूनमधून काहीबाही लिहीत असे: पावसात गळणारे गोठ्याचे छप्पर, आजीचा पानाचा डबा, शाळेच्या वाटेवरचे कुत्रे. त्या वहीतली शेवटची नोंद जूनमधली आहे. वाक्प्रचारांचे अर्थ मात्र तिला दोनशेच्या वर पाठ झाले.

आता रविवारच्या परीक्षेविषयी. माझी मुख्य तक्रार तिच्याविषयीच आहे. पेपर तपासून रात्री नऊच्या सुमारास सर्व १४७ मुलांची नावे, गुण आणि क्रमांक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येत. पहिली दहा नावे ठळक अक्षरांत, बाकीची त्याखाली उतरत्या क्रमाने. ज्या मुलाचे नाव शेवटी, त्याच्या आईच्या हातातही तीच यादी. मुलीच्या शाळेत २०१० पासून चालत आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाप्रमाणे प्रगतिपुस्तकावर श्रेणी असते आणि खाली वर्णनात्मक नोंद असते. चौथीच्या प्रगतिपुस्तकावर शाळेतल्या बाईंनी लिहिले होते, "गोष्ट स्वतःच्या शब्दांत रंगवून सांगते. गटात इतरांना मदत करते." क्लासच्या यादीत ती एकसष्टावी होती. दहा वर्षांच्या मुलीला ती नोंद आणि हा क्रमांक या दोहोंपैकी कोणते स्वतःविषयी खरे वाटू लागते, हे मी डोळ्यांदेखत पाहिले. सप्टेंबरपासून रविवारी सकाळी तिचे पोट दुखू लागले. डॉक्टरांना काही सापडले नाही, आणि परीक्षा झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून ते दुखणे आपोआप थांबले.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती १५० पैकी ७२ गुणांवर आली आणि क्रमांक १३२ झाला. त्याआधी ती ११०-११५ च्या घरात असे. त्या रात्री ती जेवली नाही. मी प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका दोन्ही घेऊन बसले, कारण मुले प्रश्नपत्रिकेवर आधी बारीक खूण करून मग वर्तुळ भरत. तिने ३१ वा प्रश्न नंतर सोडवायचा म्हणून सोडला होता, आणि ३२ व्या प्रश्नाचे उत्तर ३१ व्या ओळीत भरले होते. तिथून पुढची सगळी वर्तुळे एकेक घर वर सरकली. शेवटी ७५ ची ओळ रिकामी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आले, पण पेनाने भरलेले पुसता येत नाही आणि वेळही संपलेला होता. प्रश्नपत्रिकेवरच्या तिच्या खुणा मी उत्तरसूचीशी ताडून पाहिल्या, तर ५८ उत्तरे बरोबर होती, म्हणजे ११६ गुण. त्या पेपरात मुलीला जे येत होते ते ११६ चे होते आणि यादीत ७२ छापले गेले.

मी सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, परिषदेच्या पेपरात असं झालं तर तिथं कोण ऐकून घेणार? म्हणूनच सवय लागायला हवी." त्यांचे म्हणणे परीक्षेपुरते खरे होते. पण यादी दुरुस्त झाली नाही, तिच्याशी कोणी बोलले नाही, आणि पुढच्या आठवड्यात तिला मागच्या बाकांवर बसवले गेले, कारण बसण्याची जागा त्या आठवड्याच्या क्रमांकावर ठरत असे. दहा महिन्यांच्या शिकवणीत तीसहून अधिक रविवार गेले, आणि एकाही पेपरानंतर "हा प्रश्न तुझा का चुकला" असे कोणी मुलाला समोर बसवून विचारले, असे माझ्या ऐकण्यात नाही. उत्तरसूची मिळे, क्रमांक मिळे आणि पुढचा धडा सुरू होई. सराव चाचणीचा खरा उपयोग चूक सापडण्यात असतो, आणि तोच उपयोग इथे वाया जात होता. शिकवण्याच्या इतर सर्व बाबतीत काटेकोर असलेल्या क्लासमध्ये हे व्हावे याचे मला आजही वाईट वाटते.

याच्या जोडीला एक दुसरे चित्र ठेवते. माझ्या जावेचा मुलगा त्याच वर्षी पाचवीत होता, डोंगराकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथले गुरुजी शाळा भरण्याआधी तासभर जादा वर्ग घेत, एक पैसा न घेता, आणि मुले होती अवघी अकरा. मी सुट्टीत तिकडे गेले असताना एक दिवस मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या तासात फक्त सहा प्रश्न झाले. ज्याचे उत्तर चुकले त्याला गुरुजी फळ्याजवळ बोलावत आणि म्हणत, "तू काय विचार केलास ते सांग, मग आपण बघू कुठं वाट चुकली." एका मुलीने अपूर्णांकाच्या उदाहरणात छेदांची बेरीज केली होती. गुरुजींनी भाकरीचे दोन तुकडे फळ्यावर काढले, अर्धा आणि पाव, आणि तिलाच विचारले की एकत्र केल्यावर भाकरी अर्ध्यापेक्षा कमी होईल का. ती हसली आणि स्वतःहून खडू घेतला. अकरांपैकी सात मुले पात्र ठरली आणि एकाला शिष्यवृत्ती मिळाली. शंभर-दीडशे मुलांच्या क्लासला हे जमणार नाही असे कोणी म्हणेल, आणि तास वाढवले नाहीत तर जमणार नाही हे खरेही आहे. पण दर रविवारच्या पेपराऐवजी महिन्यात एक पेपर घेऊन उरलेले रविवार चुका पाहण्यात घालवायला जागा, शिक्षक आणि फी सगळे त्यांच्याकडे होते.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर आम्ही पालक डबे घेऊन उन्हात उभे होतो. दुसरा पेपर संपवून ती धावत बाहेर आली आणि मला मिठी मारून पहिले वाक्य बोलली ते असे: "आई, एकही वर्तुळ सरकलं नाही!" पेपर सोपा होता की अवघड, कोणता प्रश्न आवडला, हे तिने मला त्या दिवशी सांगितले नाही. निकालात तिला ३०० पैकी १९६ गुण मिळाले. ती पात्र ठरली, शिष्यवृत्तीच्या यादीत मात्र नाव आले नाही. क्लासच्या चौकातल्या फलकावर "यशस्वी विद्यार्थी" म्हणून तिचाही फोटो लागला. त्या फलकावर पात्र आणि शिष्यवृत्तीधारक असे वेगळे आकडे नव्हते. सगळी नावे एकत्र होती. कोणत्याही क्लासमध्ये चौकशीला गेलात तर हे दोन आकडे वेगळे मागून घ्या, आणि सोबत एकूण किती मुले बसली होती तेही विचारा.

ज्यांना चौकशी करायची आहे त्यांनी एक रविवार तिथे जाऊन पेपरानंतर काय होते ते पाहावे, एवढेच मी सुचवीन. मुलाची चुकलेली उत्तरपत्रिका त्याच्यासमोर उघडली जात असेल आणि क्रमांक ग्रुपवर जाहीर होत नसतील, तर बाकी थोडेफार उणे असले तरी चालेल. बुद्धिमत्ता चाचणीसाठी मी ज्या बाईंचा उल्लेख केला त्या स्वतंत्र तास घेत असत्या, तर मी आजही मुलाला त्यांच्याकडे धाडले असते. संपूर्ण क्लाससाठी मात्र, विशेषतः आठ-नऊ वर्षांच्या तिसरी-चौथीतल्या मुलांसाठी, माझा सल्ला नको असाच आहे, आणि शेजारणींनाही मी तसेच कळवले आहे.

माझा धाकटा आता तिसरीत आहे आणि पुढच्या वर्षी त्यालाही परीक्षेला बसवणार आहोत. त्याच्यासाठी बाजारातून प्रश्नांचे एकच पुस्तक आणले आहे. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला, की दोनच उदाहरणे, तीही पर्यायांवर जुने पोस्टकार्ड आडवे ठेवून. आपले उत्तर वहीत लिहून झाल्यावरच कार्ड काढायचे आणि ते चारांत आहे का ते पाहायचे, हा नियम त्याच्या ताईने घातला आहे, आणि कार्ड धरून बसण्याचे काम तीच करते.